ब्रोकरकडे म्युच्युअल फंडाचा डायरेक्ट प्लॅन खरंच मिळतो का, माझा अनुभव (नाशिक)

मला हवा होता साधा निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (निफ्टीतल्याच ५० शेअरमधे पैसे टाकणारा), डायरेक्ट प्लॅन (मधे कमिशन घेणारा कोणी नाही), ग्रोथ (नफा फंडातच राहतो), महिना १० हजार एसआयपी आणि २० वर्षं हात लावायचा नाही. एका ऑनलाइन ब्रोकरच्या अ‍ॅपवर मोठ्ठं लिहिलेलं, सगळे म्युच्युअल फंड, शून्य चार्ज. पण ते शून्य फक्त खरेदीपुरतं असू शकतं, प्लॅन रेग्युलर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमार्फत घेतलेला असला तर त्याचं कमिशन फंडाच्या खर्चातून दरवर्षी जातच राहतं आणि आपल्याला वेगळं कापलेलं कुठंच दिसत नाही. १२ टक्के परतावा धरा आणि त्यातला अर्धा टक्का खर्चात गेला असं समजा, तर माझ्या एसआयपीवर २० वर्षांत साडेसहा लाखांच्या आसपास फरक पडतो. म्हणून अकाउंट उघडायच्या आधीच तपासायचं ठरवलं.

सर्चमधे फंड आला, पण नावापुढे नुसतं ग्रोथ. मग अ‍ॅम्फीच्या (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना) साइटवरून त्याच तारखेची दोन्ही प्लॅनची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत काढली. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आलेत, खर्च कमी म्हणून त्यांची एनएव्ही रेग्युलरपेक्षा जास्त असते. अ‍ॅपवरचा आकडा रेग्युलरशी तंतोतंत जुळला. हे प्रत्येकाने करून बघाच, पाच मिनिटं पण लागत नाहीत.

कस्टमर केअरवाला म्हणे, सर ऑनलाइन घेतलं की डायरेक्टच असतं. साफ चुकीचं आहे हे! मग ईमेल करून लेखी विचारलं, या स्कीमचा आयएसआयएन (प्रत्येक प्लॅनचा वेगळा असणारा कोड) पाठवा. तेव्हा कुठे उत्तर आलं की आमच्याकडे फक्त रेग्युलर, हवं तर ईटीएफ घ्या. ईटीएफ वाईट नाही, पण तो शेअरसारखा बाजारात घ्यायचा, अख्खं युनिट घ्यावं लागतं, आणि व्हॉल्यूम, म्हणजे खरेदी-विक्री कमी असली तर भाव एनएव्हीपेक्षा वर-खाली जाऊ शकतो. मला ते नको होतं.

शेवटी फंड हाऊसच्याच साइटवर केवायसी करून एसआयपी लावली, स्टेटमेंटवर डायरेक्ट असं स्वच्छ लिहून येतं.

सातपूरला आमच्या कंपनीतल्या एका मित्राला हे सांगितलं, त्याने कॅम्सवरून (फंडांच्या नोंदी ठेवणारी कंपनी) सीएएस, म्हणजे सगळ्या फंडांचं एकत्र स्टेटमेंट मागवलं तर त्यात एआरएन नंबर (डिस्ट्रिब्युटरचा नोंदणी क्रमांक), म्हणजे मधे डिस्ट्रिब्युटर आहेच. त्याने जुनी एसआयपी थांबवून नवी डायरेक्टमधे चालू केली. जुने युनिट मात्र एकदम हलवले नाहीत, स्विच म्हणजे टॅक्ससाठी विक्रीच धरतात, म्हणून वर्ष उलटलेले युनिट तो वर्षाला सव्वा लाखाच्या करमुक्त नफ्यात बसतील तसे थोडे थोडे काढतोय.