जम्बोच्या वाटेतले खडे

22 एप्रिल 2024, सोमवार. मी मुंबई एअरपोर्टवर एअरसाइडला इन्स्पेक्शनच्या जीपवर असतो, म्हणजे रनवे आणि टॅक्सीवेवर (विमान रनवेपर्यंत ज्या रस्त्याने जातं तो) फिरायचं, काही पडलेलं दिसलं तर उचलायचं, घारी बसल्या असतील तर उडवायच्या, एखादा लाइट गेला असेल तर कळवायचं. त्या सकाळी एअर इंडियाचं ‘आग्रा’ जायचं होतं. बोइंग 747-400, म्हणजे चार इंजिनांचं जम्बो. एअरसेल नावाच्या अमेरिकन कंपनीने ते विकत घेतलेलं, 2021 नंतर एअर इंडियाचं एकही जम्बो प्रवासी घेऊन उडालेलं नव्हतं, आणि आता हे मुंबईतून कायमचं निघालेलं.

आदल्या दिवशीच मी सिनियरना सांगून ठेवलं होतं की त्या रूटची पाहणी मी करणार. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही, त्यांना माहीत होतं.

जम्बोची पाहणी इतर विमानांसारखी नसते. आता मोठी विमानं म्हटली तरी बहुतेक दोनच इंजिनांची, आणि ती बॉडीच्या जवळ असतात. जम्बोची बाहेरची दोन, एक नंबर आणि चार नंबर, मधल्या रेषेपासून वीसेक मीटर लांब लटकतात. टॅक्सीवे साधारण 23 मीटर रुंद, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूला साडेअकरा-साडेअकरा, म्हणजे ती दोन इंजिनं पक्क्या पट्टीच्या पार बाहेर, शोल्डरवरून, म्हणजे कडेच्या पट्टीवरून जातात. जिथे मोठ्या विमानांचा राबता असतो तिथे शोल्डर साफच असतात, पण हे ज्या कोपऱ्यात उभं होतं तिकडे एरवी छोटी विमानंच फिरतात. मग तिथे काय काय साठतं विचारू नका. इंजिनाने एक खडा ओढला तरी ब्लेडला मार बसतो.

म्हणून जीप हळू चालवत शोल्डरवरून गेलो, शेवटी खाली उतरून पायीच चाललो. बारीक खडी, कुठल्यातरी बॅगेचं तुटलेलं चाक, वायरचा एक तुकडा, सुकलेलं गवत, सगळं हाताने वेचून पिशवीत टाकलं. उन्हात पाठ भाजत होती पण मला घाई नव्हती.

मी कलिन्याच्या एअर इंडिया कॉलनीत वाढलो. बाबा जुन्या एअरपोर्टच्या हँगरमध्ये मेकॅनिक होते, इंजिनावर. 747-200 ला जेटी-नाइन-डी इंजिन असायचं, त्याचं नाव मी शाळेत इंग्रजी शिकायच्या आधीपासून ऐकत आलोय. कॉलनीत आम्हा पोरांना विमानांची नावं पाठ होती कारण तेव्हा प्रत्येक जम्बोला एका राजाचं नाव असायचं. शाहजहान, राजेंद्र चोळ, विक्रमादित्य, अकबर, समुद्रगुप्त, हर्षवर्धन. आणि 1988 मध्ये ‘शिवाजी’ आलं तेव्हा तर कॉलनीत दिवाळीच होती. अशोक आणि कनिष्क ही नावं मात्र घरात हळू आवाजात घ्यायचे. सम्राट अशोक 1 जानेवारी 1978 ला इथूनच उडून वांद्र्याच्या समोर समुद्रात पडलं, 213 माणसं गेली, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण 1985 च्या जूनमधलं कनिष्क मला आठवतंय. 329 माणसं. काय झालंय ते कळत नव्हतं, पण बाबा ड्युटीवरून आले आणि बूट न काढता तसेच बसून राहिले ते डोळ्यासमोर आहे.

जम्बो पहिल्यांदा जवळून बघितलं ते दसऱ्याला. हँगरमध्ये हत्यारांची पूजा असायची, स्पॅनर, जॅक, ट्रॉली सगळ्यांना झेंडूच्या माळा, आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी पोटाखाली उभा राहिलो तर वर नुसतं छत. अठरा चाकं, त्यातलं एक माझ्या डोक्याएवढं उंच, मी हात लावला तर रबर थंडगार होतं. खिडक्यांभोवती लाल रंगात महालाचे झरोके काढलेले, रस्त्यावरून नाजूक दिसायचे, जवळ गेलं तर एकेक माझ्या छातीएवढा.

बसायला मिळालं चौथीत असताना. बाबांना वर्षाला पॅसेज, म्हणजे स्टाफचा प्रवास मिळायचा, पण तो सीट रिकामी असेल तरच, म्हणून आम्ही सहारला काउंटरच्या बाजूला बॅगा घेऊन उभे, आई दर पाच मिनिटांनी देवाचं नाव घेतेय, आणि शेवटच्या क्षणाला बाबांनी लांबून हात केला. विमान पुढे लंडनला जायचं होतं, आम्हाला दिल्लीलाच उतरायचं होतं. मला ‘शिवाजी’च पाहिजे होतं, मिळालं ‘हर्षवर्धन’. आत शिरलो तर दारात साडी नेसलेल्या बाईंनी नमस्कार केला, मला, चौथीतल्या पोराला. मधे चार सीट, दोन्ही बाजूंना तीन-तीन, आणि पुढे वरच्या मजल्याला जाणारा गोल जिना. तो जिना चढायला मिळाला नाही, पण बाबांनी पुढपर्यंत नेऊन दाखवला.

टेकऑफला डोक्यावरचे रॅक खडखडायला लागले आणि आईने डोळे मिटले. बाबांनी माझा हात धरला आणि कानाशी एकेक आवाज सांगत गेले. हे पूर्ण पॉवर. हा धक्का म्हणजे जमीन सुटली. आता घरघर येईल, चाकं आत जातायत. आता आवाज उतरेल, घाबरू नकोस, त्यांनीच कमी केलाय. हे फ्लॅप. प्रत्येक आवाज त्यांनी सांगितल्यावर एका क्षणात यायचा, आणि मला वाटत होतं विमान बाबाच चालवतायत. खाली दिवे होते, समुद्र होता, मी काही बघितलं नाही, नुसतं ऐकत होतो.

तर त्या सकाळी रूट क्लिअर असल्याचं कळवलं आणि जीप ठरलेल्या जागी, लांब उभी केली. एकेक करून इंजिनं चालू झाली. कानावर मफ होते तरी चौथं चालू झाल्यावरचा तो भरलेला आवाज छातीत येतोच, दोन इंजिनांना तो येत नाही. मग ते माझ्यासमोरून गेलं, चार नंबरचं इंजिन मी खडे वेचलेल्या त्याच पट्टीवरून. आजूबाजूला लोडर, टगवाले, बसचे ड्रायव्हर, जो तो हातातलं काम थांबवून बघत होता. जुन्या हँगरवाल्यांपैकी दोघे-तिघे अजून सर्व्हिसमध्ये आहेत, त्यातल्या एकाने टोपी काढली.

पावणेअकराच्या सुमारास उडालं. रिकामं असल्यामुळे झटकन वर गेलं. आणि वर गेल्यावर पायलटने एकदा डावा, एकदा उजवा असे पंख हलवले. पुढे त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. 64 मीटरचे पंख वाकताना खालून बघितलं की अंगावर काटा येतो. मी रडलो, सांगायला काही लाज नाही. मग रेडिओवर आवाज आला आणि पुढच्या पाहणीला गेलो, कारण मुंबईचा रनवे कुणासाठी थांबत नाही.

एक गोष्ट मनापासून लिहायची होती. या विमानांबद्दल लिहिताना लोक महाराजाबद्दल, वरच्या मजल्यावरच्या लाउंजबद्दल लिहितात, आणि लिहावंच. पण रात्री तीनला पावसात काउलिंग, म्हणजे इंजिनाचं झाकण उघडून उभे राहिलेले आमच्या कॉलनीतले लोक, ज्यांच्या नखातलं ग्रीस लग्नातसुद्धा जायचं नाही, त्यांनी ही विमानं वर्षानुवर्षं उडवली. प्रवाशांनी त्यांना कधी बघितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला. बाबांचा पहिला प्रश्न, “चारही नीट चालू झाली का रे?”

“हो बाबा, एकेक करून, काही त्रास नाही.”

“धूर?”

“थोडासा, सुरुवातीला.”

“तेवढा येणारच, उभं होतं ना इतकी वर्षं. आणि शोल्डर बघितलेस का?”

“तुम्ही शिकवलंय तसं, चालत जाऊन.”

“बरं ठेव,” म्हणाले, आणि आई नंतर सांगत होती की संध्याकाळपर्यंत त्यांनी हँगरमधल्या एकेका जुन्या माणसाला फोन लावून हेच कळवलं, चारही चालू झाली, धूर थोडाच, वाट पोराने स्वतः साफ केली होती.