आयआरक्यू ५ साउंड कार्डला मिळेपर्यंत : माझा अनुभव

जुना डेस्कटॉप जुळवताना प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांत अडण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ते लिहीत बसत नाही. सगळं अडलं ते एका आयआरक्यूपाशी, म्हणजे कार्ड प्रोसेसरला ‘माझ्याकडे बघ’ असा इशारा (इंटरप्ट) ज्या नंबरच्या लाइनवरून देतं तिच्यापाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. बोर्ड इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा. एजीपी स्लॉटात ग्राफिक्स कार्ड, पीसीआय स्लॉटांत नेटवर्क कार्ड आणि (डिस्कसारखी उपकरणं जोडायचं) स्कझी कार्ड, जुन्या पद्धतीच्या आयएसए स्लॉटात प्लग अँड प्ले (आपोआप ओळख देण्याची सोय) नसलेलं १६ बिटी साउंड कार्ड. विंडोज ९८ आणि नुसतं डॉस, दोन्ही चालायला हवं होतं. डॉसच्या बहुतेक गेम साउंड कार्ड ५ किंवा ७ वरच शोधतात, त्यामुळे ५ नंबर त्याच कार्डाला मिळणं ही पहिली अट.

आधी हिशेब. बोर्डावर ८२५९ जातीचे दोन इंटरप्ट कंट्रोलर असतात, प्रत्येकाकडे ८ लाइन. दुसरा कंट्रोलर पहिल्याच्या २ नंबरवर जोडलेला असतो, म्हणून वापरायला १५ उरतात. त्यांतल्या ० (टायमर), १ (कीबोर्ड), ८ (घड्याळ) आणि १३ (गणिती प्रोसेसर) यांना हात लावता येत नाही. ६ फ्लॉपीकडे, १४ आणि १५ आयडीईच्या (डिस्क आणि सीडी ड्राइव्ह जोडण्याच्या) दोन चॅनेलकडे, ४ आणि ३ पहिल्या-दुसऱ्या सीरियल पोर्टकडे, ७ प्रिंटरकडे, १२ पीएस/२ माऊसकडे. खऱ्या अर्थाने मोकळे फक्त ५, ९, १० आणि ११. एसीपीआय (वीज वाचवण्याची व्यवस्था) चालू असेल तर ९ त्यातच जातो.

नंबर मोकळे करण्याचं काम सोपं आहे. दुसरा सीरियल पोर्ट बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ‘डिसेबल्ड’ केला की ३ मिळतो. दोन्ही पोर्ट नको असतील तर ४ सुद्धा. प्रिंटर जोडणार नसाल तर पॅरलल पोर्ट बंद करा, ७ सुटतो. ईसीपी मोडमध्ये ठेवलेला असेल तर त्याने धरलेली डीएमए लाइनही (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवायची) सुटते. यूएसबीला काहीच लावायचं नसेल तर ‘असाइन आयआरक्यू फॉर यूएसबी’ बंद करा. सीडी ड्राइव्ह पहिल्याच चॅनेलवर स्लेव्ह म्हणून लावून दुसरं चॅनेल बंद केलं तर १५ मिळतो, पण एका चॅनेलवरची दोन उपकरणं एका वेळी काम करत नाहीत. डिस्कवरून सीडीवर किंवा उलट मोठ्या फाइली हलवायच्या असतील तर हा सौदा मला पटत नाही. ‘असाइन आयआरक्यू फॉर व्हीजीए’ मात्र बंद करू नका. काही थ्रीडी कार्डांचे ड्रायव्हर त्या इंटरप्टशिवाय नीट चालत नाहीत, आणि एक नंबर वाचवण्यापायी पडदा गोठवून घेण्यात अर्थ नाही.

ही सगळी बंदी बायोसमध्येच करायची. नुसतं विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट बंद केला तर बायोसच्या लेखी तो चालूच राहतो आणि त्याचा नंबर दुसऱ्या कार्डाला मिळत नाही.

आता अडकण्याची जागा. एवढे नंबर मोकळे करूनही बायोस दर वेळी ५ नंबर नेटवर्क कार्डाला देऊन टाकत होता. ३, ७, १० रिकामे पडलेले आणि वाटप मात्र ५ चं! याचं कारण समजून घेतल्याशिवाय नुसत्या सेटिंग फिरवण्यात फार वेळ जातो. प्लग अँड प्ले नसलेलं आयएसए कार्ड स्वतःची ओळख सांगत नाही. कोणता नंबर वापरायचा हे कार्डावरच्या जंपरने (पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीने) ठरतं, आणि जंपर वाचायची सोय बायोसकडे नाही. त्याच्या दृष्टीने तो स्लॉट रिकामा आणि ५ नंबर बेवारशी.

पीसीआय कार्डं एक नंबर वाटून घेऊ शकतात, मग साउंड कार्डानेही ५ वाटून घेतला तर काय बिघडलं, असा प्रश्न येतो. बिघडतं, कारण दोन्हींची इशारा देण्याची रीत वेगळी. आयएसए कार्ड लाइनची पातळी खालून वर नेतं आणि कंट्रोलर तो चढच टिपतो. पीसीआय कार्ड काम होईपर्यंत लाइन खाली ओढून धरतं, म्हणून एकाच लाइनवरच्या दोघांना पाळीपाळीने विचारता येतं. चिपसेटमध्ये प्रत्येक नंबरसाठी यांपैकी एकच रीत ठरवता येते. ५ पीसीआयला दिला की तो पीसीआयच्या रीतीने बसतो आणि आयएसए कार्डाचा इशारा तिथे धड पोचत नाही.

लक्षण ओळखायला सोपं आहे. डॉसमध्ये आवाजाचा पहिला तुकडा वाजतो आणि थांबतो, किंवा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. डीएमएने तुकडा कार्डापर्यंत जातो, पण ‘हा संपला, पुढचा दे’ हा इंटरप्ट प्रोग्रामला मिळत नाही. असं वाजलं की कार्ड खराब समजून बदलायला धावू नका. अजिबात आवाजच आला नाही तर मात्र पत्ता किंवा डीएमए तपासा. डॉस सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधल्या ब्लास्टर ओळीत पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ आणि ५ असं जे लिहिलंय ते जंपरशी जुळलंच पाहिजे.

बायोसच्या ‘पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन’ पानावर ‘रिसोर्सेस कंट्रोल्ड बाय’ हे ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर न्या. मग खाली नंबरांची यादी उघडते. त्यात ५ ला ‘लेगसी आयएसए’ करा, बाकी ‘पीसीआय/आयएसए पीएनपी’ राहू द्या. डीएमए १ आणि ५ सुद्धा त्याच पानावर ‘लेगसी आयएसए’. ‘पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड’ला ‘नो’ ठेवा. ‘येस’ केलं तर बायोस फक्त सुरुवातीला लागणारी उपकरणं बसवून बाकीचं विंडोजवर सोडतो आणि डॉसमध्ये ती कार्डं तशीच राहतात.

इथपर्यंत सगळं बरोबर करूनही माझ्या बोर्डावर ५ हलत नव्हता, आणि सगळ्यात जास्त वैताग याच टप्प्यावर आला. मागच्या वाटपाची नोंद ईएससीडी नावाच्या तक्त्यात असते आणि बायोस पुढच्या वेळी तीच पुढे चालवायला बघतो. हा तक्ता बऱ्याच बोर्डांवर बायोसच्याच फ्लॅश चिपमध्ये असतो, त्यामुळे बॅटरी काढून किंवा जंपरने सीमॉस (बायोसच्या सेटिंगची मेमरी) पुसूनही तो जातो असं नाही. तो पुसायचा उपाय एकच ओळ आहे: ‘रिसेट कॉन्फिगरेशन डेटा’ला ‘एनेबल्ड’ करून सेव्ह करा. पुढच्या सुरुवातीला पडद्यावर ‘अपडेटिंग ईएससीडी’ आणि पुढे ‘सक्सेस’ दिसलं पाहिजे. नंतर ती ओळ आपोआप ‘डिसेबल्ड’ होते, म्हणून सेटिंग टिकत नाही असं समजू नका. प्रत्येक फेरबदलानंतर ती पुन्हा चालू करावी लागते. इतकी महत्त्वाची गोष्ट बोर्डाच्या पुस्तिकेत एका ओळीत उरकलेली असते, हे मला अजिबात मान्य नाही.

क्रमही पाळा. पॉवर केबल काढून दोन्ही पीसीआय कार्डं बाहेर काढा, फक्त ग्राफिक्स आणि साउंड कार्ड ठेवा. ५ राखून ठेवा, तक्ता पुसा, डॉसमध्ये आवाज तपासा. मग एकेक कार्ड परत लावा आणि दर वेळी पोस्टच्या (चालू होतानाच्या तपासणीच्या) शेवटी येणारा पीसीआय उपकरणांचा तक्ता वाचा. तो क्षणभरच दिसतो. पॉज बटण दाबलं की थांबतो.

त्या तक्त्यात नेटवर्क आणि स्कझी एकाच नंबरवर दिसले तर आणखी नंबर मोकळे करून काही होत नाही. या चिपसेटमध्ये पीसीआयच्या इंटरप्ट तारा चारच आहेत आणि प्रत्येक स्लॉटची मुख्य तार त्यांपैकी एकीला कायमची जोडलेली असते. एका तारेवरची दोन कार्डं एकच नंबर घेणार, बाहेर दहा रिकामे असले तरी. उपाय स्लॉट बदलण्याचा. एजीपीलगतचा पहिला पीसीआय स्लॉट बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या तारेवर असतो, तिथे स्कझी किंवा नेटवर्क नको. चिपसेटमधल्या यूएसबीची तार या चारांपैकी चौथी, म्हणजे डी आहे. ती कोणत्या स्लॉटला मिळते ते बोर्डागणिक बदलतं, पुस्तिकेतला तक्ता बघा. मी स्कझी कार्ड तिसऱ्या स्लॉटात नेलं आणि त्याला १० मिळाला, नेटवर्कला ११. दोघं वेगळे झालेले बघून फार समाधान वाटलं. एरवी पीसीआय कार्डांनी नंबर वाटून घेतला आणि दोन्ही नीट चालत असतील तर तिथेच थांबा.

विंडोज ९८ मध्ये ‘कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीजमध्ये नंबरवार यादी दिसते. तिथे एकाच नंबरवर उपकरण आणि ‘आयआरक्यू होल्डर फॉर पीसीआय स्टिअरिंग’ दोन्ही दिसलं तर तो संघर्ष नाही, काढायला जाऊ नका. त्याच खिडकीत ‘रिझर्व्ह रिसोर्सेस’चं पान आहे; साउंड कार्डाचा ड्रायव्हर बसवायच्या आधी तिथे ५ राखला की दुसऱ्या कार्डाला तो जात नाही. ड्रायव्हर बसवताना मात्र ती राखणी काढा, नाहीतर साउंड कार्डालाही तो मिळणार नाही. बायोसमध्ये बंद केलेल्या पोर्टांच्या जुन्या नोंदी उरल्या असतील तर सेफ मोडमध्ये जाऊन काढा. नेहमीच्या मोडमध्ये त्या सगळ्या दिसत नाहीत.