झिरो माइल: जो देश उरला नाही, त्याचा मध्य

नागपूर मेट्रोच्या झिरो माइल स्टेशनातून उतरून विधानभवनाच्या बाजूला आलं, की वालुकाश्माचा खांब आणि चार घोड्यांचे पुतळे दिसतात. हाच झिरो माइल. "काय पाहाले आले जी ताई? दगडच तं हाय," उसाच्या रसाच्या गाडीवरचे काका म्हणाले. दगड खराच. त्यावर मैलांत अंतरं कोरलेली: चांदा 125, जबलपूर 170, हैदराबाद 318.

यामागे उभं आहे ते ब्रिटिशांचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण. 1802 मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची पहिली बाजू, साखळीने मोजली गेली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीने, घ्यायचा, उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या, आणि त्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा. असं करत अख्ख्या देशावर जाळं पसरलं. पण कुठल्याही शेताच्या धुऱ्यावर उभे राहा, त्यातली एक रेघ दिसणार नाही! माझ्या लेखी ते भारतावर काढलेलं सर्वांत मोठं अदृश्य चित्र आहे.

तिथे उभी असताना मला झरीना हाश्मी आठवत राहिल्या. 1937 साली अलीगढमध्ये जन्मलेल्या या चित्रकर्तीने 1999 मध्ये 36 काष्ठमुद्रांची, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांची, मालिका केली, 'होम इज अ फॉरेन प्लेस'. प्रत्येक मुद्रेत मोजक्या काळ्या रेषा आणि एक उर्दू शब्द: घर, चौखट, दरवाजा. माणूस नाही, भांडीकुंडी नाही. तरी अलीगढचं मागे पडलेलं घर समोर उभं राहतं, आणि पाहणाऱ्याला स्वतःचंही आठवतं. संकल्पनात्मक कला, म्हणजे जिच्यात दृश्यापेक्षा कल्पना मोठी, ती कोरडी असते असं म्हणणाऱ्यांनी या मुद्रा जरूर पाहाव्यात.

हा खांब अखंड भारताचा मध्य मानला गेला असं सांगतात. 1947 मध्ये तो नकाशाच फाटला. झरीनांचं कुटुंबही पुढे कराचीला गेलं. म्हणजे खांब ज्या देशाच्या मधोमध उभा केला तो देश आता नाही, आणि लोक मात्र रोज त्या मध्यावर येऊन उभे राहतात. मला यात फसवणूक वाटत नाही. नसलेली जागा एवढ्या जणांनी मनाशी धरून ठेवावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नागपूरला येताना जमलं तर हिंगणघाटला उतरा. हे सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर 1823 मध्ये तिथेच वारला. त्याची कबरही तिथेच आहे.