आमची वाटचाल : चुकलेल्या एका सुराचं काम

२००९ साली मेलोडाइन या सूर दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्ट नोट अ‍ॅक्सेस (एकत्र वाजलेल्या सुरांतला एकेक सूर वेगळा दुरुस्त करता येणं) आलं आणि आमचं काम सुरू झालं, त्याआधी कॉर्डमधली एकच तार बेसूर असली तरी अख्खा टेक, म्हणजे ते रेकॉर्डिंग, परत घ्यायला लागायचा. आम्ही पहिल्यापासून फक्त अकूस्टिक (विजेशिवाय वाजणाऱ्या वाद्यांचं) काम घेतलं आणि फक्त चुकलेला सूर दुरुस्त केला, बाकीच्याला हात नाही.

मग शेजारच्याच धंद्यातल्या एकाने 'पूर्ण अल्बम एका दिवसात ट्यून' सुरू केलं. सगळं सिलेक्ट करायचं, पिच सेंटर शंभर टक्के, म्हणजे प्रत्येक सूर ओढून अगदी अचूक जागी, झालं काम! आमची गिऱ्हाईकं भराभर तिकडे गेली, वर आम्ही स्लो आहोत असंही पसरवलं गेलं. स्टुडिओ विकायची बोलणी झाली होती, हे आजही डोक्यातून जात नाही.

टिकलो ते आमच्या गिटारवाल्या काकांमुळे. ते फाइल पाठवताना कुठला बार (तालाचा कितवा तुकडा), कितवी तार हेही लिहून पाठवायचे. एकदा तिसरी तार बोट जास्त दाबल्यामुळे १५ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढली होती. आधी नोट असाइनमेंटमध्ये (सॉफ्टवेअरने कुठल्या नोटा ओळखल्या ते तपासायची जागा) जाऊन बघितलं तर तिचा ओव्हरटोन (मूळ सुरासोबत निघणारा वरचा सूर) वेगळी नोट म्हणून दिसत होता, तो मूळ नोटेत घेतला, नाहीतर नोट खाली येते आणि ओव्हरटोन वरच राहतो, आवाज पत्र्यासारखा होतो. मग सूर ४-५ सेंटवर आणून सोडला. शून्यावर, म्हणजे अगदी अचूक, मुद्दाम नाही आणला, बाकीच्या तारा तरी कुठे शून्यावर होत्या, हा एकटाच वेगळा ऐकू आला असता. दोन माइक होते म्हणून दोन्ही ट्रॅकवर तेच करेक्शन, एकच केला असता तर दोन्ही ट्रॅक एकमेकांशी भांडले असते. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "कुठे केलंस ते मलाच सापडत नाहीये." पुढची सगळी कामं त्यांनी आमच्याकडेच दिली, ओळखीचे वादकही पाठवले.

नंतर ती गेलेली गिऱ्हाईकंही आली, चपटी झालेली फाइल घेऊन, मींड सपाट, मूळ ट्रॅक डिलीट! त्यातून काय दुरुस्त करणार? म्हणून सांगतो, कच्चे ट्रॅक कोणाच्याही भरवशावर पुसू नका, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावून फाइल पाठवू नका, आणि दोन टेकच्या मध्ये गिटार परत लावून घ्या, त्याने आमचं निम्मं काम कमी झालं तरी चालेल.