साठ विरुद्ध एक, पडद्यावर एकास एक

भारतीय पासपोर्ट असूनही आम्हाला ब्रिटनमध्ये मतदान करता येतं, हे ऐकून तिकडचे नातेवाईक चकित होतात. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं यावरच्या मतदानात, आम्हीही मत दिलं. शेजारच्या पोलिश काकू आमच्या कितीतरी आधीपासून इथे राहतात, कर भरतात. त्यांना मात्र तो हक्क नव्हता. त्यामुळे आपण नीट समजून मत द्यायला हवं, असं फार वाटायचं. रात्री जेवणं उरकली की आम्ही बातम्या लावून बसायचो.

चर्चेला दोन अर्थतज्ज्ञ. एक युरोपीय संघातून बाहेर पडावं म्हणणारा, दुसरा राहावं म्हणणारा. दोघांनाही सारखा वेळ, की लगेच पुढची बातमी. पाहणाऱ्याला वाटणार, जाणकारांमध्येच निम्मे इकडे, निम्मे तिकडे आहेत. बीबीसीच्या माजी वृत्तनिवेदक एमिली मेटलिस यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये एडिनबर्गच्या व्याख्यानात यामागची हकिकत सांगितली. ब्रेक्झिटची धास्ती घेतलेले साठ अर्थतज्ज्ञ पाच मिनिटांत मिळायचे. बाजूने बोलणारा एक शोधायला पाच तास लागायचे. पडद्यावर मात्र एकास एक! ते ऐकून मला मनापासून राग आला, आजही येतो.

प्रचाराच्या लाल बसवरचा आकडा तुम्हीही वाचला असेल: आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ. मुळात युरोपीय संघाच्या वर्गणीत ब्रिटनला मिळणारी सवलत त्या रकमेतून आधीच वजा व्हायची, म्हणजे तेवढे पैसे कधी जातच नव्हते. सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं जाहीर केलं होतं. तरी कित्येक बातम्या 'हे असं म्हणतात, ते नाकारतात' इथेच थांबायच्या. अहो, हिशेब तपासून सांगणं हे पत्रकाराचंच काम ना?

देशाचे कायदे कुणी करावेत, बाहेरून किती लोक यावेत, यावर मतभेद खरेच होते. तिथे दोन्हीकडच्यांना भरपूर बोलू द्यावं. पण बेरीज-वजाबाकीला कसल्या दोन बाजू? ऑफकॉम ही इथली प्रसारण नियामक संस्था. तिचे नियमसुद्धा प्रत्येक मताला सारखीच मिनिटं द्या असं सांगत नाहीत.

हवामानबदलाच्या बातम्यांचंही तेच. ऑगस्ट २०१७ मध्ये माजी अर्थमंत्री लॉर्ड लॉसन यांनी बीबीसी रेडिओवर सांगितलं, की गेल्या दहा वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान किंचित घटलं आहे. हे साफ चुकीचं होतं, पण मुलाखतकाराने त्यांना हटकलं नाही. पुढच्या वर्षी ऑफकॉमने त्यावरून नियमभंगाचा ठपका ठेवला. सप्टेंबर २०१८ मध्ये बीबीसीने आपल्या पत्रकारांना कळवलं, की समतोलासाठी हवामानबदल नाकारणारा माणूस बोलावण्याची गरज नाही. ब्रेक्झिटचं मतदान होऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती.