गाठ तारेच्या वरच का?

शाळेच्या मागच्या कुंपणाला एक शिरीष होता. कुंपण घालताना कोणीतरी खांबाऐवजी त्याच्याच बुंध्याला तारेचे दोन वेढे दिले होते. आम्ही आठवीत आलो तोवर ती तार सालीत चांगलीच रुतली होती आणि तिच्या लगेच वर बुंधा फुगून जाड कडे तयार झाले होते. तारेखाली मात्र बुंधा उलट थोडा बारीकच होता. तीन वर्षे त्या झाडाच्या सावलीत बसूनही ते कडे माझ्या नजरेत भरले नव्हते.

वनस्पतींचा धडा सुरू व्हायच्या दिवशी आमच्या बाई आम्हाला वर्गातून उठवून तिथे घेऊन गेल्या. बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या, "गाठ तारेच्या वर आली आहे. खाली का नाही आली? मी सांगणार नाही. धडा संपेपर्यंत तुमच्यातल्याच कोणीतरी मला सांगायचं."

मी लगेच हात वर केला. "बाई, पाणी मुळांकडून वर जातं. तार मध्ये आली तर ते तारेच्या खाली तुंबायला हवं. म्हणजे गाठ खाली यायला हवी होती."

"विचार बरोबर केलास," बाई म्हणाल्या. "पण झाड तसं म्हणत नाही. म्हणजे तुला अजून काहीतरी ठाऊक नाहीये. ते शोधू या."

माझ्या शेजारच्या मुलीने वेगळीच शंका काढली. तार माझ्या छातीच्या उंचीवर होती. ती म्हणाली, "आधी खाली बांधली असेल, झाड वाढलं तशी तीही वर गेली असेल." आम्हा बहुतेकांना ते पटले. बाईंनी तिला हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. त्या म्हणाल्या, "हे तर आपल्याला दोन दिवसांत कळेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिजवून मोड आणलेले घेवड्याचे दाणे आणले. प्रत्येकाचे आदिमूळ दोन-अडीच सेंटिमीटर आले होते. काळ्या शाईत दोरा बुडवून त्या मुळावर टोकापासून एकेक मिलिमीटर अंतराने रेघा ओढायच्या होत्या. हात स्थिर राहीना. कितीतरी मुळे मोडली, काही रेघा फिसकटल्या. शेवटी ओल्या टिपकागदावर, काचेच्या दोन तुकड्यांमध्ये दाणे ठेवले. दोन दिवसांनी पाहिले तेव्हा वरच्या रेघा जिथल्या तिथे, तेवढ्याच अंतरावर होत्या. टोकाच्या मागच्या चार-पाच रेघा तेवढ्या लांब लांब गेल्या होत्या आणि ताणून फिक्या झाल्या होत्या.

त्या रेघांनी मला जे शिकवले ते मी आजवर विसरलेलो नाही. आपण वाढतो ते सगळे अंग मिळून. हाताचे हाड वाढते, पंजा वाढतो, नाकही वाढते. झाडाचे तसे नसते. त्याची लांबी फक्त टोकांना वाढते, मुळाच्या टोकाला आणि फांदीच्या टोकाला. तिथे विभाजी ऊतींच्या इवल्या पेशी सतत दुभंगत असतात. टोकामागच्या पट्ट्यात त्या नव्या पेशी पाणी घेऊन लांबट होतात आणि टोकाला पुढे ढकलतात. मुळाच्या टोकावर मूलटोपी असते. ती मातीत घासून झिजत राहते आणि आतून पुन्हा भरून निघते. एकदा लांब होऊन पक्का झालेला भाग पुन्हा लांबत नाही. म्हणून बुंध्यावर छातीच्या उंचीला बांधलेली तार झाड कितीही उंच झाले तरी छातीच्या उंचीलाच राहते.

गवताची गोष्ट निराळी आहे आणि ती मला फार आवडते. गवताच्या पात्याचा वाढणारा भाग बुडाशी असतो, त्याच्या कांड्यांतही पेरांजवळ तशीच वाढ होते. त्यामुळे गुराने शेंडा खाल्ला तरी पाते खालून पुन्हा वर येते. झाडाचा शेंडा खुडला तर तो शेंडा पुन्हा येत नाही. त्याच्या खालच्या पेरावर, पानाच्या बगलेत झोपलेला कोंब जागा होतो.

मग बाईंनी विचारले, "झाड जाड कशाने होतं? आणि एवढं वजन येतं कुठून?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "मातीतून!" त्यांनी व्हान हेल्मोंट नावाच्या जुन्या शास्त्रज्ञाची हकीकत सांगितली. त्याने कुंडीत 200 पौंड वाळवलेली माती भरली, तीत 5 पौंडांची विलोची फांदी लावली आणि 5 वर्षे फक्त पाणी घातले. वरून धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोके पाडलेले पत्र्याचे झाकण ठेवले. पाच वर्षांनी झाड 169 पौंडांवर गेले आणि माती सुकवून तोलली तेव्हा ती जेमतेम 2 औंस कमी भरली. त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये ही नोंद छापली गेली. सगळे झाड पाण्यापासून झाले, असा त्याने निष्कर्ष काढला. त्याचे निम्मे बरोबर होते. हवा त्याच्या हिशेबात नव्हती. हिरवे भाग उजेडात हवा शुद्ध करतात हे इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने 1779 मध्ये दाखवले, आणि पुढे कळत गेले की पानाच्या खालच्या अंगाची बारीक पर्णरंध्रे कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि हरितद्रव्य उजेडाच्या बळावर त्यातून साखर करते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. बाई बुंध्यावर थाप मारून म्हणाल्या, "हे सगळं पानातून खाली उतरलंय."

खाली हा शब्द मी ऐकला खरा, पण त्या दिवशी तो मला तारेशी जोडता आला नाही.

तो जोडला तेरड्याने. बाईंनी तेरड्याची एक फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवली. दोन तासांत तिच्या जवळपास पारदर्शक खोडातून लाल रेघा चढताना दिसल्या. खोड आडवे कापले तर लाल ठिपके एका वर्तुळात बसलेले. मक्याच्या खोडाचा काप घेतला तर ठिपके सगळीकडे विखुरलेले. मका एकदल, तेरडा द्विदल. हे शब्द पाठ होते, आज ते डोळ्यांसमोर आले. प्रत्येक ठिपक्यात आतल्या बाजूला जलवाहिन्या, बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या आणि द्विदलात त्या दोहोंमध्ये एक पातळ जिवंत थर, एधा. एधा आतल्या बाजूला लाकूड करते, बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या. झाड जाड होते ते तिच्यामुळे. मक्याला ती नसते, म्हणून त्याला बुंधा होत नाही.

त्या तासाला मला एकदम उलगडले आणि मी उभा राहिलो. पाणी लाकडातून वर जाते आणि लाकूड आत असते. तार फक्त साल आवळते. पानांत तयार झालेली साखर सालीकडच्या रसवाहिन्यांतून खाली येते, ती तारेपाशी अडते आणि तिथेच खर्च होऊन गाठ वाढते. तारेखालच्या भागाला ती कमी मिळते, म्हणून तो बारीक. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फळ्यावर काढून दाखव."

माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच झाडाच्या सालीचे कडे काढून हा फुगवटा पाहिला होता, हे मी पुढे वाचले. साल काढल्यावरही वरची पाने लगेच सुकत नाहीत. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. पानातून वाफ निघाली की तो अखंड धागा वर ओढला जातो. डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी ही कल्पना 1894 मध्ये मांडली. शंभर मीटरच्या वर गेलेल्या रेडवूडच्या शेंड्यालाही पाणी पोहोचते ते असेच, कुठलाही पंप नसताना.

नंतर एका शनिवारी बाईंनी दोन मोठ्या मुलांकडून तारेचा उघडा भाग पक्कडीने तोडून घेतला. रुतलेला भाग ओढायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. ओढला असता तर सालच सोलून निघाली असती.

आज मी रोपवाटिकेत काम करतो आणि त्या तारेच्या गाठीवरच माझे पोट आहे म्हणा ना. गुटी कलम म्हणजे तेच असते. फांदीवरून दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचे सालीचे कडे काढतो, ओले शेवाळ बांधतो, वर प्लास्टिक गुंडाळतो. लाकडातून पाणी वर जातच असते, म्हणून पाने टवटवीत राहतात. पानांतली साखर आणि शेंड्याकडून उतरणारे ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक कापाच्या वरच्या काठावर साठते आणि मुळे त्याच काठातून सुटतात. पहिल्या वर्षी मी साल काढली, पण उघड्या लाकडावरचा निसरडा थर खरवडला नाही. काही आठवड्यांनी पाहिले तर त्या थराने नवी साल करून वाट पुन्हा जोडली होती, आणि मूळ एकही नव्हते. तो निसरडा थर म्हणजे एधा. फळ्यावर मी तिची एक रेघ काढली होती. बोटाला ती तेव्हा प्रथम लागली. डोळा भरताना किंवा पाचर कलम बांधताना, म्हणजे एका झाडाचा डोळा किंवा फांदी दुसऱ्यावर बसवताना, मी शिकणाऱ्या मुलांना हेच सांगतो की दोन्ही सालींच्या आतली कड एकमेकींना भिडली पाहिजे, बाकी सगळे झाड सांभाळून घेते.

शाळेच्या स्मरणिकेसाठी पत्र आले म्हणून शाळेत गेलो आणि मागे शिरीषाकडे वळलो. तार आता दिसत नाही. वरची आणि खालची साल तिच्यावरून येऊन एकमेकींत मिसळली आहे, फक्त एक आडवी सुरकुती उरली आहे. बुंधा माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावत नाही. सुरकुतीच्या वर बोट फिरवले की तो फुगवटा अजून हाताला लागतो. आठवीत ती जागा माझ्या छातीशी होती. आता ती माझ्या कमरेच्या जरा वर येते.