आत्याच्या नावाने तानपुरा: मिरजेला ऑर्डर द्यायला जाणार असाल तर

आत्या गेल्यावर तिच्या नावाने काय करायचं यावर घरात बरीच चर्चा झाली, कुणी म्हणे बाकडं द्या, कुणी म्हणे अन्नदान, पण ती आयुष्यभर गाणं शिकवत होती म्हणून शेवटी तिच्या क्लासला लेडीज तानपुरा (बायकांच्या उंच आवाजासाठीचा) करून द्यायचं ठरलं. आणि तानपुरा म्हटलं की मिरज, २०२४ मध्ये इथल्या तानपुऱ्याला जीआय टॅगपण (भौगोलिक मानांकन) मिळालाय.

मुंबई-पुण्याहून महालक्ष्मी किंवा कोयना पकडा, स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला सतारमेकर गल्ली सांगितलं की बास. वेळ असेल तर मिरासाहेब दर्ग्यात जाऊन या, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे.

दुकानात पहिला प्रश्न आला, "पट्टी कुठली?" म्हणजे गाणाऱ्याचा सा कुठल्या सुरावर. आत्याची काळी चार, पेटीवरची चौथी काळी. फोनमधलं तिचं रेकॉर्डिंग लावलं, तानपुरा बनवणाऱ्या चाचांनी थोडं ऐकलं आणि पोराला तानपुऱ्याच्या तळाला लागणारे माळ्यावरचे भोपळे काढायला लावले. हे पंढरपूरकडचे कडू भोपळे, वाळवून ठेवलेले. बोटाने टकटक करून एकेक बाजूला सारत होते, आम्हाला सगळे सारखेच वाटले! पण गाणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग असेल तर न्याच, नुसतं "चांगला तानपुरा द्या" म्हणून काही होत नाही.

आत्याचं नाव तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) नको म्हणाले, दांडीच्या मागे घालू. तेच बरं. आणि नावाआधी "कै." घालू नका असं माझं मत, पोरं रोज मांडीवर घेऊन बसणार आहेत ना त्याला. ॲडव्हान्सच्या पावतीवर पट्टी, लाकूड, घोडी (तारा टेकतात तो तुकडा) कशाची आणि तारीख सगळं लिहून घ्या. कुणी जुन्या स्टॉकमधलं हस्तिदंत किंवा सांबरशिंग दाखवलं तर सरळ नाही म्हणा, कायद्याने बंदी आहे. पावसाळ्यातली तारीख टाळा, दमट हवेत पॉलिश लवकर वाळत नाही.

आणायला स्वतः जा आणि जवारी (तार झणझणावी म्हणून घोडी घासून जुळवणं) समोर बसून लावून घ्या. घोडी कानसून झाल्यावर तारेखाली दोरा घालतात, तो केसभर सरकवला आणि मघापर्यंत ठोकळ्यासारखा वाजणारा सा एकदम झणझणायला लागला, आम्ही बघतच राहिलो. परत येताना तारा सैल करून, फायबरच्या बॉक्समध्ये, खालच्या बर्थवर. कुरिअर नकोच.

आणि क्लासला किंवा संस्थेला देणार असाल तर पुढच्या जवारीचे पैसेही सोबत द्या, वाजवून वाजवून जवारी उतरतेच आणि मग खर्च कुणी करायचा यावरून वाद्य कोपऱ्यात पडून राहतं.